कॅम्परचा एसी लावला की जनरेटर बंद पडतो: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

एसी लावेपर्यंत जनरेटर झकास चालतो. दिवे लागतात, पंखा फिरतो, मोबाइल चार्ज होतात. मग एसी लावला, दोन-तीन मिनिटांनी कॉम्प्रेसर उठायला गेला, की इंजिन दबतं आणि सगळं गप्प. साताऱ्यात माझ्याकडे येणाऱ्या कॅम्परवाल्यांची ही नेहमीची तक्रार आहे. बहुतेक जण येतानाच मनाशी पक्कं करून आलेले असतात की जनरेटर लहान पडतोय, आता मोठा घ्यायचा. मोठा घेतात आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच तक्रार घेऊन परत येतात, कारण बिघाड वायरमध्ये होता, पेट्रोलमध्ये होता किंवा एसीच्या कपॅसिटरमध्ये (कॉम्प्रेसर उठवायला मदत करणाऱ्या भागात) होता. म्हणून माझं सांगणं एवढंच, की मोजमाप केल्याशिवाय जनरेटर बदलू नका. खालची बहुतेक तपासणी घरच्या घरी होते आणि अर्ध्याहून जास्त गोष्टींना एक पैसाही लागत नाही.

आधी लक्षणं नीट बघा

"जनरेटर बंद पडतो" असं सगळेच सांगतात, पण तो कसा बंद पडतो त्यावर पुढचं सगळं ठरतं.

- कॉम्प्रेसर उठताक्षणी इंजिन गुरगुरतं, दिवे मंदावतात आणि इंजिन बंद होतं.
- इंजिन चालूच राहतं, पण ओव्हरलोडचा लाल दिवा लागतो आणि सॉकेटमधली वीज जाते. हे इन्व्हर्टर जनरेटरमध्ये होतं, म्हणजे ज्यात वीज इलेक्ट्रॉनिक सर्किटमधून बाहेर येते त्यात. त्याचं इलेक्ट्रॉनिक सर्किट स्वतःला वाचवतं.
- एसी चांगला सुरू होतो, वीस-तीस मिनिटं चालतो, मग इंजिन आचके देत थांबतं. जरा वेळाने दोरी ओढली की पुन्हा चालू.
- एसीचा पंखा फिरतो, कॉम्प्रेसर नुसता घुमतो, टक्क असा आवाज येतो आणि शांत. दोन-चार मिनिटांनी पुन्हा तेच.
- इंजिनाचा आवाज सारखा वर-खाली होतो, एका पट्टीत राहत नाही.
- सांगली-मिरजेला व्यवस्थित चालतं, महाबळेश्वरला पोचलं की नाही.
- इन्व्हर्टर एसीच्या पट्टीवर एरर कोड येतो आणि एसी थांबतो.

एसीला चालताना लागणारी वीज आणि उठताना लागणारी वीज यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. शेतावरची मोटार चालू करताना घरातले दिवे क्षणभर मिणमिणतात, तोच प्रकार इथे होतो. एक टनाचा साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला एसी चालताना साधारण ५ अँपिअर घेतो, म्हणजे हजार-अकराशे वॅट. पण कॉम्प्रेसर उठताना सेकंदाच्या काही भागासाठी त्याच्या चार ते सहा पट, म्हणजे २० ते ३० अँपिअर ओढतो. महावितरणच्या लाइनला तो झटका कळतही नाही. जनरेटरला मात्र तो पूर्णच्या पूर्ण सोसावा लागतो. खोक्यावरचे वॅट बघून हिशेब करणारे इथेच फसतात.

फुकटातली तपासणी

सगळ्यात आधी बाकीचा लोड काढा. दिवे आणि पंखे सोडा, ते किरकोळ आहेत. कॅम्परमध्ये बॅटरी चार्जर बसवलेला असतो आणि जनरेटर चालू झाला की तो आपोआप चालू होतो, हे मालकांच्या ध्यानातच नसतं. १२ व्होल्ट, ६० अँपिअरचा चार्जर उतरलेल्या बॅटरीवर आठशे-नऊशे वॅट खातो. रात्रभर बॅटरी वापरली, दुपारी जनरेटर लावला आणि लगेच एसी दाबला, तर जनरेटर आधीच अर्धा भरलेला असतो. गिझर, इंडक्शन, किटली हेही बंद ठेवा. चार्जरचा स्विच काढून एसी चालला, तर तुमचा प्रश्न सुटला: आधी बॅटरी भरा, मग एसी लावा.

इन्व्हर्टर जनरेटर असेल तर त्याचा इको स्विच बंद करा. इकोमध्ये लोड कमी असताना इंजिन मंद फिरतं. कॉम्प्रेसरने अचानक ओढ घेतली की इंजिनाला वेग धरायला वेळ लागतो, तोवर झटका येऊन गेलेला असतो. एसी स्थिरावला की इको पुन्हा लावून बघायला हरकत नाही, पण साध्या एसीचा कॉम्प्रेसर थर्मोस्टॅटवर सारखा बंद-चालू होतो, त्यामुळे तिथे इको बंदच ठेवलेला बरा.

एसी बंद केल्यावर लगेच पुन्हा लावू नका, तीन ते पाच मिनिटं थांबा. बंद केल्या केल्या गॅसचा दाब एका बाजूला चढलेला असतो. त्या दाबाविरुद्ध कॉम्प्रेसर उठवायचा म्हणजे झटका आणखी मोठा होतो. "मघाशी चालत होतं, आत्ता का नाही" याचं उत्तर अनेकदा इतकंच असतं.

मग जनरेटर कुठे ठेवलाय ते बघा. तो सपाट जागेवरच हवा. कास-बामणोलीकडे किंवा तापोळ्याच्या वाटेवर उतारावर गाडी लावतात आणि जनरेटरही तसाच तिरका ठेवतात. त्यात ऑइल कमी झालं की इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. जनरेटर तिरका झाला की ऑइल एका बाजूला जातं आणि सेन्सरला वाटतं ऑइल संपलं. सपाट जागी ठेवून पट्टी काढून पातळी बघा.

अर्ध्या तासाने बंद पडणाऱ्या जनरेटरच्या टाकीचं झाकण बघा. लहान जनरेटरच्या झाकणावर हवेची खिट्टी असते, ती उघडी हवी. हवा आत गेली नाही तर टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. इंजिन थांबल्यावर झाकण जरा सैल केलं आणि 'फुस्स' आवाज आला, तर बिघाड सापडला. मात्र तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ओतायला जाऊ नका, थंड होऊ द्या.

इथे थांबून एक गोष्ट वाचाच

आवाज नको म्हणून किंवा पाऊस लागतो म्हणून जनरेटर गाडीखाली, मागच्या डिकीत, तंबूच्या पडवीत किंवा ताडपत्रीच्या आड ठेवतात. हे जिवावर बेतणारं आहे. पेट्रोल इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. एसी लावून काचा बंद करून झोपलेल्या माणसांना तो जागही येऊ देत नाही. जनरेटर गाडीपासून किमान २० फूट लांब, मोकळ्यावर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला आणि धुराचं तोंड गाडीच्या उलट दिशेला असं ठेवा. आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, गरगरलं, तर कारण शोधत बसू नका. सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा आणि दवाखाना गाठा. मागच्या बाजूला पत्र्याचा कप्पा करून त्यात जनरेटर बसवायची मागणी घेऊन लोक येतात. मी ते काम करत नाही. त्यात इंजिन स्वतःचीच गरम हवा ओढतं, तापून ताकद गमावतं आणि धूर आत शिरायचा धोका कायम राहतो.

वायर

जनरेटर २० फूट लांब ठेवायचा म्हणजे लांब वायर आली, आणि पुष्कळ बिघाड तिथेच असतात. लग्नाच्या मांडवात वापरतात तसला १ एमएमचा एक्स्टेंशन बोर्ड एसीला लावलेला मी नेहमी बघतो. हिशेब करून बघा. २० मीटर लांबीच्या १ एमएम तांब्याच्या वायरीत २५ अँपिअरच्या झटक्याला सुमारे १८ व्होल्ट वाटेतच पडतात. तीच वायर अडीच एमएमची असेल तर ७ ते ८ व्होल्ट. जनरेटरचा व्होल्टेज त्या क्षणी आधीच खाली आलेला असतो, त्यात आणखी १८ व्होल्ट गेले की कॉम्प्रेसर उठतच नाही, आणि न उठलेला कॉम्प्रेसर तो मोठा करंट ओढतच राहतो. म्हणून अडीच एमएमची तीन तारांची वायर आणि १६ अँपिअरचा टॉप (पिनांचा प्लग) आणि सॉकेट वापरा. ड्रमवर गुंडाळलेली वायर पूर्ण उलगडा, गुंडाळी तापते. एसी दहा मिनिटं चालल्यावर बंद करून टॉप हाताने चाचपा. गरम लागला किंवा काळपट दिसला तर तो फेकून द्या.

मधे स्टॅबिलायझर असेल तर तो काढून एकदा बघा. व्होल्टेज खाली आला की स्टॅबिलायझर तो वर उचलतो, पण त्यासाठी जनरेटरकडून जास्त करंट घेतो. आधीच दमलेल्या जनरेटरवर हा दुहेरी भार होतो, आणि रिलेची टकटक चालू राहते.

इंजिनाची ताकद, की एसीची ओढ?

हे वेगळं काढायची सोपी युक्ती आहे, आणि माझ्या मते या सगळ्यात ती सगळ्यात मोलाची आहे.

आधी एसी घरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावा. तिथेही कॉम्प्रेसर घुमून थांबत असेल, तर जनरेटरला हात लावायची गरजच नाही, बिघाड एसीत आहे.

मग जनरेटरवर एसीऐवजी पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड लावा. जनरेटर किमान २ केव्हीएचा हवा (केव्हीए म्हणजे जनरेटरची क्षमता मोजायचं एकक). रॉड आधी पाण्याच्या बादलीत बुडवा, मग स्विच लावा, आणि स्विच बंद करून टॉप काढेपर्यंत पाण्यात हात घालू नका. रॉडला उठतानाचा झटका नसतो, सरळ लोड असतो. दहा मिनिटं इंजिन एका पट्टीत चाललं आणि मल्टिमीटरवर व्होल्टेज २२०-२३०च्या आसपास टिकला, तर इंजिन आणि अल्टरनेटर ठीक आहेत, त्रास फक्त झटक्याचा आहे. रॉडवरही इंजिन धापा टाकत असेल, तर दोष इंजिनात आहे.

इंजिनात दोष निघाला तर पहिला संशय जुन्या पेट्रोलवर घ्या. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. उन्हाळ्यात वापरून ठेवलेला जनरेटर पावसाळाभर तसाच पडला आणि कासच्या फुलांच्या हंगामात बाहेर काढला, की कार्बोरेटरच्या वाटीत चिकटा आणि पाणी जमलेलं असतं. असं इंजिन विनालोड चालतं, लोड आला की वर-खाली होतं किंवा थांबतं. टाकी रिकामी करा, कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून वाटीतलं पेट्रोल काढा, ताजं भरा. जवळ बिडी-सिगारेट, शेगडी काही नको. पुढच्या वेळी ठेवून देताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा, म्हणजे वाटी रिकामी राहते.

एअर फिल्टर काढून बघा. माण-खटावच्या धुळीत तो एका सहलीत भरतो. स्पंज असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, ऑइलचे थेंब लावून पिळा. पेट्रोलने धुऊ नका. इंजिनाचा स्पार्क प्लग काळा-ओला असेल तर बदला, स्वस्त आहे. चोक पूर्ण उघडा आहे ना तेही बघा. सायलेन्सरच्या तोंडावर ठिणगी अडवणारी जाळी असते, तीत काजळी बसली तरी इंजिन गुदमरतं.

एक काम मात्र करू नका. गव्हर्नरचा, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणाऱ्या भागाचा, स्क्रू फिरवून वेग वाढवायचा सल्ला कोणीतरी देतंच. साध्या जनरेटरचं इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर ५० हर्ट्झ देतं. वेग वाढवला की हर्ट्झही वाढतात आणि बऱ्याचदा व्होल्टेजही चढतो, मग एसीचं कार्ड, चार्जर, टीव्ही यांपैकी काहीतरी जळतं.

एसीच्या बाजूने

आतली जाळी धुणं सगळ्यांना माहीत असतं, बाहेरचं कंडेन्सर कोणी बघत नाही. सांगलीकडे उसाच्या हंगामात रस्त्यावरची धूळ, पाचटाचा भुगा आणि काजळी त्याच्या पापुद्र्यांत बसते. उष्णता बाहेर जाईना की दाब चढतो आणि करंट वाढतो. छतावरच्या एसीला लागून कॅरिअरवर सामान किंवा ताडपत्री बांधली तरी तेच होतं. वीज पूर्ण तोडा, साध्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. सर्व्हिसिंगच्या प्रेशर पंपाने पापुद्रे वाकतात.

एवढं करून कॉम्प्रेसर घुमून थांबत असेल तर संशय कपॅसिटरवर. त्याच्यावर लिहिलेल्या मायक्रोफॅरडपेक्षा तो ५-६ टक्क्यांहून खाली आला की घरच्या लाइनवर एसी कसाबसा उठतो आणि जनरेटरवर उठत नाही. म्हणूनच जनरेटर बदनाम होतो. भाग स्वस्त आहे, पण वीज बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो आणि तो जोरात झटका देतो. तुम्ही स्वतः एसी मेकॅनिक नसाल तर झाकण उघडू नका.

उंचीचा हिशेब

दर हजार फुटांना पेट्रोल इंजिन साधारण साडेतीन टक्के ताकद गमावतं, कारण हवा विरळ होते. सांगली सुमारे साडेपाचशे मीटरवर आहे, महाबळेश्वर सुमारे साडेतेराशे मीटरवर. म्हणजे समुद्रसपाटीला ३००० वॅट देणारा जनरेटर सांगलीत २८०० आणि महाबळेश्वरला जेमतेम २५५० देतो. खाली काठावर चालणारा एसी वर गेल्यावर उठत नाही, तो यामुळे. यात बिघाड काहीच नाही. तिथे पाचगणी-महाबळेश्वरला रात्री खिडक्या उघडल्या तरी भागतं. रात्री १० ते सकाळी ६ जनरेटरचा आवाज शेजारच्या तंबूतल्या माणसांना आणि गावालाही सोसवत नाही, हेही ध्यानात ठेवा. एसीची खरी गरज एप्रिल-मेमध्ये औदुंबर, पलूस, फलटण, म्हसवड या भागात पडते.

खरंच जनरेटर लहान असेल तर

हे सगळं करून, एकट्या एसीवर, चांगल्या वायरीने, रॉडची परीक्षा पास झालेला जनरेटर झटक्यालाच बंद होत असेल, तर तो खरंच लहान आहे. तरीही मोठा जनरेटर हा माझा पहिला सल्ला नाही. पैसे एसीवर घाला. एक टनाचा इन्व्हर्टर एसी हळूहळू वेग घेतो, त्यामुळे झटका जवळजवळ राहत नाही. बाकी लोड नसेल तर सपाटीवर २ केव्हीएचा चांगला जनरेटर त्याला पुरतो. घाटावरही न्यायचा असेल तर ३ केव्हीए घ्या. हा जनरेटर एकट्या माणसाला उचलता येतो का, तेही दुकानातच बघा.

साधा एक टनाचा एसी ३ केव्हीएच्या जनरेटरवर चालवायचाच असेल तर एसीला सॉफ्ट स्टार्टर बसवा, तो झटका निम्म्यावर किंवा त्याखाली आणतो. इन्व्हर्टर एसीला मात्र तो लावायचा नाही. सॉफ्ट स्टार्टर नको असेल तर ४ ते ५ केव्हीए लागेल. दीड टनाच्या साध्या एसीला ५ केव्हीएच्या खाली बघूच नका, आणि कॅम्परच्या एवढ्याशा जागेला दीड टन लागतोच का, हा विचार आधी करा. खिडक्यांना चांदीचे पडदे आणि छताला आतून फोम लावला तर एक टन पुरतो. बाहेरून आणलेला ११० व्होल्ट, ६० हर्ट्झचा छतावरचा एसी घेऊ नका. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज जुळतो, हर्ट्झ जुळत नाहीत, आणि कॉम्प्रेसर तापतो.

खोक्यावर 'मॅक्स' आणि 'रेटेड' असे दोन आकडे असतात. हिशेब रेटेडवर करा. शक्य असेल तर कॅम्पर दुकानापर्यंत न्या, तिथेच एसी जोडा, तीन वेळा पाच-पाच मिनिटांच्या अंतराने चालू करून बघा, मगच पैसे द्या. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही.

कधी थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

गाडीच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या किंवा झटका बसला, तर तेवढ्यावरच थांबा. जनरेटर बंद करा, सगळ्यांना गाडीपासून लांब ठेवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. रबरी टायरवरच्या गाडीचं अर्थिंग, जनरेटरचं न्यूट्रल आणि लीकेज ब्रेकर (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) यांचा मेळ जाणकारानेच बसवायचा. कॅम्परला घरची लाइन आणि जनरेटर दोन्ही जोडायचे असतील तर मधे चेंजओव्हर स्विच (एका वेळी दोन्हींपैकी एकच जोडणारा) त्याच्याकडूनच बसवून घ्या. दोन्ही एकदम जोडले गेले तर लाइनवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाऊ शकतो.

कपॅसिटर, कॉम्प्रेसर आणि गॅस ही एसी मेकॅनिकची कामं आहेत. हल्लीच्या बऱ्याच एसींत आर-३२ गॅस असतो आणि तो पेट घेऊ शकतो, त्यामुळे "थोडा गॅस मारून बघू" हा प्रयोग नको. जळका वास, वितळलेलं सॉकेट, पेट्रोलची गळती, रॉडच्या परीक्षेत २०० व्होल्टच्या खाली किंवा २५०च्या वर जाणारा व्होल्टेज, यांपैकी काही दिसलं तर जनरेटर त्याच्या मेकॅनिककडे न्या.

फोन करताना एवढं सांगा: एसी किती टनाचा, इन्व्हर्टर की साधा. जनरेटरचा रेटेड आकडा. वायर किती एमएमची, किती लांब. घरच्या सॉकेटवर एसी उठतो का. रॉडवर व्होल्टेज किती राहिला. टाँग टेस्टर (वायरीला चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा मीटर) असेल तर एसी चालतानाचे अँपिअर. एवढं हातात असलं की मेकॅनिक योग्य सामान घेऊनच निघतो, आणि तुमची दुसरी खेप वाचते.